अळणी भात

शनिवारची दुपार आली की माझं डोकं ठणकायला लागायचं. कारण त्या दिवशी जेवणानंतर ‘मागोवा’ असायचा.

आमचं नर्सिंग स्कूल म्हणजे अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागणाऱ्या एका रुग्णालयाच्या मागची दोन मजली इमारत. मी तिथे शिकवते. समोर सगळे मला सगुणा मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगत बसत नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे खरं. पण सुई टोचताना हात थरथरणाऱ्या पोरीला ओरडल्याशिवाय तो हात स्थिर कसा व्हायचा, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

तर हा मागोवा. मुंबईहून दोन बाया आल्या, आम्हा शिकवणाऱ्यांना दोन दिवस बसवून ठेवलं आणि सांगून गेल्या, की पोरी नुसतं काम करून शिकत नाहीत, केलेल्या कामाकडे मागे वळून बघतात तेव्हा शिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा त्यांना गोल बसवायचं. वॉर्डात घडलेली एखादी गोष्ट जिची तिने सांगायची. काय झालं, तेव्हा मनात काय चाललं होतं, आता त्याबद्दल काय वाटतं. बाकीच्या पोरींनी विचारायचं. शिकवणाऱ्या बाईने रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. आणि तिथे बोललेलं तिथेच ठेवायचं.

कप्पाळ! मी आणि मध्ये बोलायचं नाही!

पण वरून हुकूम आला म्हटल्यावर करणार काय. मी त्यावर एक युक्ती काढली. मागोव्याला बसताना तोंडात आवळासुपारी धरायची. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. फारच तिडीक गेली तर दुसरी टाकायची. पोरींना ते कळलं होतं. माझ्या दोन्ही गालांना फुगवटा दिसला की त्या एकमेकींकडे बघून हसायच्या.

आणि तिडीक जायचीच. सरावाच्या खोलीत, जिथे पलंगावर सलाईन लावायला शिकवायचा रबरी पुतळा पडलेला असतो (पोरींनी त्याचं नाव गणराज ठेवलंय), तिथे गोल बसून एकेक पोरगी पोपटासारखी बोलायची. “या अनुभवातून मी शिकले की रुग्णाशी प्रेमाने बोलावे.” अगं, मग आधी काय शिव्या घालत होतीस? “या अनुभवातून मी शिकले की वेळेचे महत्त्व मोठे आहे.” हे तर शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं! मी सुपारी या गालातून त्या गालात करत बसायची.

त्या आठवड्यात मात्र वॉर्डात खरंच काहीतरी घडलं होतं.

पुरुषांच्या वॉर्डात बुधाजी म्हणून एक म्हातारा होता. पेणच्या खाडीकडचा, आगरी, सगळा जन्म मिठागरात गेलेला. हृदय थकलेलं. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, इतकं अंगात पाणी. त्याला औषधं चालू होती आणि जेवणात मीठ बंद होतं. मिठाच्या राशी उपसलेल्या माणसाला अळणी भात! पहिल्याच दिवशी त्याने ताट ढकललं.

“ह्यो काय भात हाय? गुरांना तरी पेंड देताव ना.”

त्याची बायको मनुबाई खाटेशेजारी बसून असायची. बारीक, काळीसावळी, नाकात मोठी नथणी. ती त्याला लहान पोरासारखं समजवायची, तो तोंड फिरवायचा. मुलगा उरणला कंटेनरच्या ट्रेलरवर, तो रविवारीच यायचा.

आणि मग एके दिवशी म्हातारा जेवायला लागला. दोन-तीन दिवस ताट चाटूनपुसून रिकामं. मी पण खूश झाले. चौथ्या सकाळी राउंडला गेले तर बुधाजीला दम लागलेला, ओठ निळसर, छातीत घुरघुर. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. हर्षद डॉक्टर धावत आले. आमचा हा हर्षद तरुण आहे, हुशार आहे, आणि रागाच्या बाबतीत माझा भाऊ शोभावा असा आहे. खाटेखाली एक स्टीलचा डबा सापडला. उघडला तर भाजलेल्या सुकटीचा वास वॉर्डभर.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, अगदी बारीक कोळंबीसारखा. आमच्या किनाऱ्यावर घराघरांत डब्यात भरलेली असते.

“कुणी दिलं हे?” हर्षद ओरडला.

मनुबाई उठून म्हणाली, “मीच दिला. त्याला अन्न जाईना म्हनून.”

मग काय विचारता. हर्षदने तिला नाही नाही ते सुनावलं. नवऱ्याला मारायचं होतं का, म्हणून विचारलं. मीही वर दोन शब्द टाकले. तिला वॉर्डातून बाहेर काढलं. आत येण्याचा पास काढून घेतला. ती आपलं गाठोडं उचलून बाहेर गेली आणि आवारातल्या बदामाच्या झाडाखाली पारावर जाऊन बसली. उन्ह आलं की सरकायची, सावली आली की परत यायची. रात्री ओसरीवर पडायची.

बुधाजी त्यातून वाचला. दम ओसरला, ऑक्सिजन निघाला. पण त्याने अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. सिस्टरने घास पुढे केला की एकच विचारायचा, “म्हातारी कंय गेली?” बाहेर आहे म्हटलं तर त्याला पटेना. बाहेर असती तर आली असती, एवढंच म्हणायचा. इतक्या वर्षांत ती कधी त्याला सोडून जेवली नव्हती म्हणे. त्याला वाटत होतं, आजारपणाला कंटाळून ती निघून गेली.

इकडे होस्टेलवर दुसरंच. प्राप्ती घरत नावाची दुसऱ्या वर्षाची पोरगी, ती पण पेणकडचीच, आजा मिठागरात होता तिचा. हसायला लागली की दोन खोल्या पलीकडे ऐकू जायची. ती एकदम मुकी झाली. मेसच्या मावशी मला म्हणाल्या, “मॅडम, ती घरतीण जेवत नाही हो. ताट तसंच परत येतं.” मी तिला बोलावून विचारलं तर म्हणाली, बरं वाटत नाही, रविवारी घरी जाते. परत कधी येशील म्हटल्यावर खाली बघून म्हणाली, “बघू.” मी काय बावीस वर्षं गवत उपटलंय? नर्सिंग सोडून जाणाऱ्या पोरीचं ‘बघू’ मला लांबून कळतं.

आणि आला शनिवार.

गोल बसलो. अमिषाने सुरुवात केली, तिचं नेहमीचं, रुग्णाशी प्रेमाने वगैरे. आरोहीने इंजेक्शनचं काहीतरी सांगितलं. मग प्राप्तीची पाळी आली.

“या आठवड्यात विशेष काही घडलं नाही,” ती म्हणाली.

तिच्या वॉर्डात माणूस मरता मरता वाचला आणि हिच्यासाठी विशेष काही घडलं नाही! माझ्या जिभेवर आलं होतं. दुसरी सुपारी तोंडात टाकली आणि दात आवळून बसले. कुणीच बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता. अशी शांतता मला सोसत नाही. वर्गात शांतता झाली की मी काहीतरी बोलून ती मोडतेच. पण तोंड भरलेलं होतं.

प्राप्ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिथून बदामाचं झाड दिसतं. मनुबाई गाठोडं सोडून बसली होती. त्यातून तिने भाकरीचा तुकडा काढला, वॉर्डाच्या दाराकडे बघितलं, आणि तुकडा परत बांधून ठेवला.

“ती सुकट आजीनं नव्हती दिली,” प्राप्ती म्हणाली. “मी दिली.”

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली.

“डबा माझा होता. मी घरून आणला होता. आजीनं माझं नाव नाही घेतलं. आणि मी तिथंच उभी होते, मॅडम. तिला बाहेर काढलं तेव्हा मी तिथंच उभी होते.”

आता मात्र मी सुपारी थुंकून टाकणार होते. अक्कल गहाण टाकली होती का, हेच वाक्य तयार होतं. पण त्याआधीच ती पोपट अमिषा, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काहीतरी बोलली. हळूच म्हणाली, “तू देत होतीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं गं?”

प्राप्तीने डोळे पुसले. “आमच्याकडं तापानं तोंड कडू झालं की आमची आजी सुकट भाजून देते. पेज आणि सुकट. कुणी आजारी पडलं, कुणाला अन्न जाईना, की तेच. इथं बुधाजीबाबा जेवत नव्हते. मनुबाई आजी रडत होती. मला आमची आजी आठवली.” थोडं थांबून ती म्हणाली, “आणि मीठ बंद आहे ते माझ्या लक्षात होतं. खरंच होतं. म्हणून तर मी खारं म्हावरं नाही आणलं. खाऱ्या मासळीला मीठ भरतात. सुकट नुसती उन्हात वाळवतात. आमच्या दारातच वाळवतात, मी लहानपणापासून बघतेय, चिमूटभर मीठ नाही लावत तिला. मी भाजताना पण नाही टाकलं. मला वाटलं, यात मीठ नाही.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आरोही म्हणाली, “म्हणजे? सुकटीत मीठ असतं?”

मी तिच्याकडे बघितलं. मुरुडची पोरगी, घरची होडी. मग बाकीच्यांकडे बघितलं. नागावची, किहीमची, पार उरणची. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि एकीच्याही चेहऱ्यावर ‘असतं की’ असं नव्हतं.

“अगं बायांनो,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, “समुद्राचं पाणी तिच्या अंगावरच वाळतं ना गं. ते मीठ कुठे जाईल?”

माझा राग कुठच्या कुठे गेला. आम्ही वॉर्डात प्रत्येक हृदयरोग्याला सांगतो, पापड बंद, लोणचं बंद, खारं म्हावरं बंद. लोक माना डोलावतात, घरी जातात आणि सुकट खातात. कारण आमच्याकडे खारं वेगळं आणि सुकं वेगळं, हे बाळ चालायला लागण्याआधी शिकतं. पण सुकं म्हणजे बिनमिठाचं असं सगळे धरून चालतात, हे मला कुणी आधी सांगितलं नाही, कारण मी कधी कुणाला पुरतं बोलूच दिलं नव्हतं. त्या दिवशीही मी आधी ओरडले असते, तर प्राप्ती ‘चुकले मॅडम’ म्हणाली असती, बॅग उचलून गेली असती, आणि बाकीच्या अठरा पोरींच्या घरांतून सुकटीचे डबे येतच राहिले असते.

“प्राप्ती,” मी म्हटलं, “इथे बोललेलं इथेच राहतं. मी शब्द दिलाय. मी कुणाला सांगणार नाही.”

तिने खिडकीकडे बोट केलं. “पण आजी बाहेर बसलीय.”

“हो.”

“बाबा जेवत नाहीत.”

“हो गं बाळा.”

मी तिला बाळा म्हटलं म्हणून पोरी दचकल्या असतील. माझा नाइलाज होता. प्राप्ती उठली. “मॅडम, मी सरांना सांगते. तुम्ही नुसत्या बरोबर याल?”

आले की. न यायला मी काय दगड आहे?

हर्षद ओपीडी संपवून चहा पीत होता. प्राप्तीने एका दमात सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने कप आपटला. “मनाला येईल ते खायला घालायला हे काय तुझं घर आहे? माणूस गेला असता! आणि वर दुसऱ्याला दोष घेऊ दिलास?”

“हो सर,” ती म्हणाली. रडली नाही. तिथेच ताठ उभी राहिली. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

“आता विचार तिला, का दिलंस ते,” मी म्हटलं. “मीही आज विचारायला शिकलेय.”

त्याने विचारलं. तिने खाऱ्याचं आणि सुक्याचं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. हर्षदचं घर पेणचंच. “माझ्या आईला प्रेशर आहे,” तो म्हणाला, “आणि ती रोज...” पुढचं त्याने गिळलं. खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. मग म्हणाला, “मेट्रनना मला सांगावं लागेल. शिक्षा व्हायची ती होईल.”

“हो सर.”

“आजीला आत घ्या. मी चुकलो तिच्याशी. संध्याकाळच्या राउंडला मी स्वतः बोलतो.” आणि आम्ही दारात पोचल्यावर ओरडला, “पण बाहेरचा डबा नाही हां!”

पुढे मेट्रनने प्राप्तीला काही दिवस वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं. ते रास्तच होतं आणि तिने कुरकुर केली नाही. पण ते नंतरचं.

पारावर मनुबाई बसली होती. प्राप्ती तिच्यासमोर खालीच बसली, मातीत, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. मी म्हटलं, जाऊ दे, धुता येतो.

“आजी, मी सांगितलं सरांना. माझंच नाव सांगितलं.”

“कनाला सांगलंस गो?” म्हातारी चक्क चिडली. “मी बोललू व्हतू ना, मीच दिला म्हनून! तुझी शिकाई बंद करतील ते!”

“तुम्ही का घेतलंत अंगावर?” मी न राहवून विचारलं.

मनुबाईने माझ्याकडे बघितलं. मी तिला बोलले होते, ते ती विसरली नव्हती, पण तसं तिने दाखवलं नाही. “बाय, तो माझ्या हातचा जेवत नव्हता. डाक्तरांचा ऐकत नव्हता. ही पोर आली, बाबा बाबा करून तेच्या तोंडात घास घातलान. तो हसला. कवाधरना हसला नव्हता. आता तिचा नाव घेऊ काय मी? कंच्या तोंडान घेऊ?”

प्राप्तीने तिच्या मांडीत डोकं घातलं. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि मी बदामाच्या झाडाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

आत गेलो तेव्हा बुधाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मनुबाई जाऊन खाटेवर टेकली आणि त्याच्या पायावर हात ठेवला. तो वळला नाही. नुसता म्हणाला, “आलीस?”

“गेलेलूच कंय? भायेर व्हतू.”

मग तो वळला. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसांचं प्रेम बघणाऱ्याला अवघड होतं, मी उगाच सलाईनची नळी तपासली.

प्राप्ती संध्याकाळचं ताट घेऊन आली. अळणी भात, अळणी वरण, वर लिंबाची फोड, आणि बाजूला लसूण भाजून ठेचलेली. ती लसूण तिने आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारून आणली होती, दोनदा विचारून.

“सुकट हाय?” बुधाजीने विचारलं.

“नाही बाबा. सुकटीतही मीठ असतं. मला माहीत नव्हतं. तुम्हाला त्रास झाला तो माझ्यामुळं झाला.” ती हात जोडून उभी राहिली. “मला माफ करा.”

बुधाजीने विचार केला. “सुकटीत मीठ?” बायकोकडे बघून म्हणाला. “माझा जलम गेला मिठात. मना न्हाय ठावं, तं ह्या पोरीला कसा ठावं?” आणि त्याचा निकाल तिथेच लागला.

मनुबाईने भात कालवला. पहिला घास स्वतः खाल्ला. तोंड वेडंवाकडं केलं. “अलनी हाय,” ती म्हणाली. “पन आता दोगंव ह्योच खाव.” मग दुसरा घास त्याच्यापुढे धरला आणि त्याने तोंड उघडलं.

दोन-चार घास गेल्यावर तो थांबला. प्राप्तीकडे निरखून बघितलं. “ही पोर अशी का झालीय गो? गालफाडं बसलीत.” मग तिला म्हणाला, “तू जेवलीस काय?”

प्राप्तीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिलाच ठाऊक. मनुबाईने काही विचारलं नाही. तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं, भाताचा मोठा घास केला आणि सरळ तिच्या तोंडात घातला. रुग्णाच्या ताटातलं विद्यार्थिनीने खाऊ नये, असा आमचा नियम आहे. मीच शिकवते तो. मी तोंडात सुपारी नसतानाही गप्प बसले.

प्राप्ती घास चावत होती आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं आता डोळ्यांतून टपटप खाली ताटात पडत होतं. मनुबाईने घाईघाईने ताट बाजूला ओढलं.

“अगो, रडू नको!” ती म्हणाली. “भातात मीठ परंल, नि डाक्तर मना परत भायेर काढंल.”

बुधाजी हसला. घास तोंडात असताना हसला, म्हणून त्याला ठसका लागला, आणि मी आणि प्राप्ती दोघी एकदम पाण्याच्या भांड्याकडे धावलो.